तुमचे प्रश्न: रविवारी चर्चबाहेर एवढी माणसं येतात तरी कुठून?

मागच्या अंकात मी वसई रोडच्या रविवार सकाळबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी घरातलं लिहिलंय म्हणून. मी स्वतः स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवरच्या गावातली, त्यामुळे काही उत्तरं पुस्तकातली आहेत आणि काही ओट्यावर बसून ऐकलेली.

प्रश्न: आम्ही २००४ ला वसई रोडला फ्लॅट घेतला. आम्ही ख्रिस्ती नाही. रविवारी सकाळी माणिकपूरच्या रस्त्याला रिक्षाच मिळत नाही एवढी गर्दी असते. शेजारचे अंकल म्हणतात हे चर्च चारशे वर्षांचं आहे. चारशे वर्षांपूर्वी इथे एवढी माणसं होती का? की ही सगळी बाहेरून आली? (वसई रोड)

अंकल बरोबर सांगतायत. माणिकपूरचं सेंट मायकल चर्च १६०६ चं. नंदाखालचं तर त्याहून जुनं, १५७३ चं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली, मग फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले (हे कॅथलिक धर्मगुरूंचे संघ), गावातले बरेच लोक ख्रिस्ती झाले आणि गावोगावी चर्च उभी राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, पण गावातले लोक कुठे जाणार, ते इथलेच होते ना, त्यांची जमीन इथे, विहीर इथे, भाषा मराठी. तहातच ठरलं होतं की जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. म्हणून तुम्हाला आज वसईत सामवेदी ख्रिस्ती दिसतात, वाडवळ ख्रिस्ती दिसतात, किनाऱ्याला कोळी ख्रिस्ती दिसतात, आणि माझी आजी शेवटपर्यंत चर्चला "देऊळ"च म्हणायची, देवळात जाऊन येते गो, असं.

पण तुमचा खरा प्रश्न गर्दीचा आहे आणि त्याचं उत्तर रेल्वेत आहे. १८६४ मध्ये मुंबई ते सुरत लाइन झाली तेव्हा वसईला गाडी आली, १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, दिवसाला फक्त एक. १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज आली आणि गाड्या वाढल्या. तरीसुद्धा पुढची चाळीसेक वर्षं वसई गावच राहिली, कारण लोकलने माणसं इथे राहायला यायची नाहीत, इथून भाजी, फुलं, केळी आणि पानं जायची. माझे वडील पहाटे दादरच्या फुलबाजाराला जायचे, टोपली डोक्यावर आणि ओल्या फडक्याखाली मोगरा, आणि ते रविवारी मात्र जायचे नाहीत. त्या काळी आमच्याकडे लोक मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) यायचे ते पायी नाहीतर बैलगाडीने, आणि कोण आलं नाही हे फादरना मोजावं लागत नसे. जागा रिकामी दिसली की बाजूची बाई सांगायची, तिच्या सासूला ताप आहे.

बदल झाला तो सत्तरच्या नंतर, आणि ऐंशी नव्वदमध्ये तर वर्षावर्षाला. गिरगाव, धोबी तलाव, माझगाव, भायखळा इथल्या पागडीच्या खोल्यांमध्ये आठ आठ माणसं राहायची, त्यात गोव्याचे, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडचेच मूळचे ख्रिस्ती), मंगळूरचे, सगळेच. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, खोली पुरेना. मग खोली विकायची आणि त्या पैशात अंधेरीला जायचं. अंधेरी महाग झाली की मालाड, मग बोरिवली, मग मीरा रोड, भाईंदर, आणि खाडी ओलांडली की वसई. त्यात गल्फचा पैसा आला. घरातला एक माणूस कुवेत नाहीतर दुबईला आणि बायकामुलं वसई रोडच्या वन रूम किचनमध्ये, अशी किती घरं मी पाहिलीत त्याला मोजमाप नाही. १९९० मध्ये सरकारने या पट्ट्याच्या नियोजनासाठी सिडकोला नेमलं. त्याआधीच आमच्या हिरव्या जमिनी बांधकामाला मोकळ्या करायचं ठरलं होतं, त्याविरुद्ध गावं रस्त्यावर उतरली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, हरित वसई संरक्षण समिती त्यातूनच. काही वाचलं, बरंच नाही वाचलं. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार.

म्हणजे तुम्हाला रस्त्यावर जी गर्दी दिसते त्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक, ज्यांच्या खापरपणजोबांनी त्या चर्चसाठी दगड वाहिले असतील, आणि दुसरी, जी तुमच्यासारखीच टेम्पोत कपाट घालून आली. ती एकाच बाकावर बसतात. मला विचाराल तर या पॅरिशचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे ही दोन माणसं एकमेकांना ओळखायला कशी शिकली याचा इतिहास आहे, इमारत किती वेळा वाढवली याचा नाही.

प्रश्न: पॅरिश म्हणजे चर्चच ना? मग आमच्या सोसायटीच्या ए आणि बी विंग एका पॅरिशमध्ये आणि रस्त्यापलीकडचा प्लॉट दुसऱ्या, हे कोण ठरवतं? आणि जवळचं सोडून आम्हाला लांबचं चर्च का? (नालासोपारा)

नाही, चर्च म्हणजे इमारत. पॅरिश म्हणजे माणसं, आणि मराठीत धर्मग्राम हा शब्द मला फार आवडतो कारण त्यात ग्राम आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात कलम ५१५ पॅरिशची व्याख्या करतं ती अशीच, श्रद्धावंतांचा ठरावीक समुदाय, जो एका धर्मगुरूवर सोपवलेला आहे. तिथे भिंतींचा, घंटेचा उल्लेख नाही. आणि पुढचं कलम ५१८ सांगतं की साधारणपणे पॅरिश ही भूभागाची असावी, त्या हद्दीत राहणारे सगळे तिच्यात. म्हणून तुम्ही फ्लॅट घेता तेव्हा कुणी न विचारताच तुम्ही एका पॅरिशचे होता. हद्द बहुतेक रस्ता, नाला, रेल्वे अशी धरतात, त्यामुळे रस्त्यापलीकडे दुसरी पॅरिश हे होतंच.

नवीन पॅरिश काढायची, जुनी मोडायची किंवा हद्द बदलायची, हा अधिकार एकट्या बिशपचा. पण त्यांनी आधी आपल्या धर्मगुरूंच्या मंडळाचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, तेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते कारण मी दोनदा पाहिलंय. आधी लांबच्या कॉलनीतली चार माणसं फादरना सांगतात की म्हाताऱ्यांना यायला जमत नाही. मग कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात महिन्यातून एकदा मिस्सा सुरू होते. महिन्याची आठवड्याची होते. पत्र्याची शेड उभी राहते, प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, कुणी पंखा देतं, कुणी माइक. घरोघर फिरून कुटुंबं मोजली जातात. मग एक फादर तिथे राहायला येतात, बऱ्याचदा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि शेवटी बिशपांचं पत्र वाचलं जातं की अमुक तारखेपासून ही स्वतंत्र पॅरिश. त्या दिवशी लोक रडतात, खरं सांगते. नवीन पॅरिशकडे तेव्हा बाप्तिस्म्याचं एक कोरं रजिस्टर असतं आणि कर्ज असतं.

म्हणजे झाड वाढतं तशी पॅरिश वाढत नाही, केळीसारखी वाढते. बुंध्याला पिल्लं फुटतात आणि ती काढून दुसरीकडे लावावी लागतात, नाहीतर सगळीच बारीक राहतात. वसईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि पॅरिशचं होतं तेच वरच्या पातळीवरही होतं, १९९८ च्या मे महिन्यात मुंबईच्या आर्चडायोसिसमधून (आर्चबिशपांच्या मोठ्या धर्मप्रांतातून) अख्खा वसई धर्मप्रांत वेगळा काढला, थॉमस डाबरे पहिले बिशप.

आणखी एक, तुमच्या बिल्डिंगमधले केरळचे कुटुंब कदाचित तुमच्या पॅरिशचं नसेलच. सिरो-मलबार पंथाच्या लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्यांच्या पॅरिश पंथानुसार आहेत. एकाच जमिनीवर दोन पॅरिश, आणि कायद्याला ते मान्य आहे.

लांबचं चर्च का, तर मिस्सेला तुम्ही कुठेही जा, जवळच्या चर्चमध्ये जा, कुणी अडवणार नाही. बाप्तिस्मा, लग्न, दाखले यासाठी मात्र आपल्या पॅरिशमध्ये जावं लागेल, किंवा तिथून पत्र आणावं लागेल.

प्रश्न: आमचं गाव चार वर्षांपूर्वी नव्या पॅरिशला जोडलं. नवीन चर्च पाच मिनिटांवर, गाडी लावायला जागा, सगळं छान. पण माझी आई ८१ वर्षांची, ती जुन्याच चर्चला जायचा हट्ट करते, रिक्षाचे शंभर रुपये जातात. आम्ही समजावतो की देव सगळीकडे सारखाच, तर ती जेवत नाही. काय करावं? (वसई गाव)

रिक्षाचे शंभर रुपये द्या. हे पहिलं.

आता कारण. तुमची आई इमारतीचा हट्ट करत नाहीये. जुन्या चर्चच्या आवारात तिचा नवरा पुरलेला आहे, बरोबर ना? तुम्ही लिहिलं नाहीये पण मला वाटतं तसंच असणार. आमच्या आजीचं असंच झालं होतं. मिस्सा संपली की ती बाहेर येऊन आधी दफनभूमीत जायची, आजोबांच्या क्रुसावरची पानं हाताने बाजूला करायची, मेणबत्ती लावायची, वाऱ्याने विझली की परत लावायची, आणि मग तिथे उभी राहून आठवड्याभराचं सगळं सांगायची, गाय व्यायली, धाकटीचं जमतंय, असं. दहा मिनिटं. मग घरी. आम्हाला वाटायचं ती मिस्सेला जाते. ती मिस्सेला जायचीच, पण ती दहा मिनिटं तिच्या रविवारचा भाग होता आणि नव्या चर्चला दफनभूमी नव्हती.

पॅरिश वेगळी करताना कागदावर रस्ते, घरं, कुटुंबं मोजतात आणि ते बरोबरच आहे, तसं केलं नाही तर फादरना कुणाची ओळखच होणार नाही. पण मेलेली माणसं त्या मोजणीत येत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांची अर्धी पॅरिश तिथेच असते. ज्यांच्यावर हद्दी आखायची जबाबदारी आहे त्यांनी हे आधी बोलून दाखवलं तर खूप त्रास वाचेल असं माझं स्पष्ट मत आहे. एका पॅरिशमध्ये मी चांगली गोष्ट पाहिली, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, नवीन पॅरिशचे लोक सगळे मिळून जुन्या दफनभूमीत जातात, टेम्पो करून, म्हातारे पुढे बसतात. तुमच्या फादरना हे सुचवून बघा. आणि आईला नव्या चर्चमध्ये एखादं काम द्या, अल्टारसाठी, म्हणजे वेदीसाठी, फुलं द्यायचं म्हणा, तुमच्या परड्यातली. देणाऱ्या माणसाला जागा आपली वाटायला लागते. पण महिन्यातून एक रविवार तरी जुन्या चर्चला न्याच, आणि बरोबर तुम्ही स्वतः जा.

प्रश्न: माझ्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला कसा मिळेल? जन्म १९२० च्या आसपास. (बोरिवली)

ज्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झाला तिथेच मिळेल, आता राहता त्या पॅरिशमध्ये नाही. आधी गाव नक्की करा आणि त्या काळी ते गाव कुठल्या चर्चखाली होतं ते विचारा, कारण आज तिथे नवीन पॅरिश असेल तर तिच्या रजिस्टरमध्ये १९२० असणारच नाही, आईपॅरिशला जावं लागेल. नाव, आईवडिलांची नावं, माहीत असतील तर धर्ममाता आणि धर्मपित्याची नावं आणि अंदाजे वर्ष लिहून न्या. आडनाव वेगळ्या स्पेलिंगने असू शकतं, हे लक्षात ठेवून शोधा. १९२८ पर्यंत वसई साष्टीतली बरीच चर्च दमणच्या बिशपांच्या हाताखाली होती, त्यामुळे नोंद पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असण्याची तयारी ठेवा.

एकदा मला अशा रजिस्टरचं पान बघायला मिळालं. तपकिरी शाई, कागद कडेने कुरतडलेला, हात लावायला भीती वाटावी असा. मधल्या रकान्यात मुलाचं नाव आणि बाजूच्या समासात पंचवीस वर्षांनी दुसऱ्या अक्षरात, दुसऱ्या शाईने लिहिलेलं की याचं लग्न अमुक चर्चमध्ये अमुक तारखेला झालं. कायदाच तसा आहे, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा विधी), लग्न, सगळं बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी परत येऊन लिहायचं. म्हणूनच लग्नाच्या वेळी जुना दाखला चालत नाही, ताजा काढून आणा म्हणतात. माणूस मुंबईला गेला, कुवेतला गेला, तरी त्याची एक ओळ गावच्या पुस्तकात वाढत राहते.

ऑफिसची वेळ फोन करून विचारा, रविवारी मिस्सा झाल्या झाल्या जाऊ नका, तेव्हा तिथे चाळीस माणसं असतात.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. आमच्या पॅरिशमध्ये मराठी मिस्सेला बहुतेक पन्नाशीच्या पुढचे आणि इंग्लिश मिस्सेला आमच्या वयाचे. माझे गावातले मित्रसुद्धा इंग्लिशला जातात. मी मराठी कॉयरमध्ये गातो, आम्ही सहाजण उरलोय. पुढच्या दहा वर्षांत मराठी मिस्सा बंद होईल का? (नायगाव)

तुझं पत्र मी तीनदा वाचलं बाळा.

आधी थोडं मागचं. माझ्या आईच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती, फादर लोकांकडे पाठ करून उभे, आणि बायका मागे बसून आपली जपमाळ ओढायच्या कारण पुढे काय चाललंय ते शब्दाने कळत नसे. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत मराठी मिस्सा आली. आई सांगायची की पहिल्यांदा फादर तोंड इकडे करून मराठीत बोलले तेव्हा मागे कुणीतरी मोठ्याने उत्तर दिलं, घरात देतात तसं. म्हणजे तू ज्या मिस्सेत गातोस ती चारशे वर्षांची नाही, ती साठ वर्षांची आहे आणि ती मिळाली तेव्हा लोकांना ती देणगी वाटली होती. घरातल्या प्रार्थना मात्र त्याच्या खूप आधीपासून मराठीत होत्या, १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं, आणि आपल्याकडे संध्याकाळच्या घंटेनंतर ओट्यावर जे म्हटलं जायचं ते मराठीच होतं.

आता इंग्लिश. बाहेरून आलेल्यांना दोष देऊ नकोस. मंगळूरची कोकणी, गोव्याची कोकणी, तमिळ, मल्याळम, एवढी माणसं एका चर्चमध्ये आली तर त्यांना एकत्र बसायला एक भाषा लागणार आणि मुंबईत ती इंग्लिश झाली. त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःची भाषा त्यासाठी मागे टाकलीय, तेही आपण बघत नाही. आपल्या गावातली मुलं इंग्लिश मीडियमला गेली ती आपणच घातली, आणि बायबल वाचताना त्यांना मराठी जड जाते हे खरं आहे. माझ्या भाचीला "प्रायश्चित्त" वाचता येत नाही, ती घरात कादोडी, म्हणजे आमची सामवेदी बोली, फाडफाड बोलते.

बंद होईल का? मला तसं वाटत नाही, पण आपोआप चालूही राहणार नाही. जिथे मराठी मिस्सा भरलेली असते तिथे मी दोन गोष्टी बघितल्यात. वाचन करायला तरुण मुलांना उभं करतात आणि आदल्या दिवशी कुणीतरी बसून त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतं, जोडाक्षरांसकट. आणि गाणी. लोक उपदेश विसरतात, गाणं घेऊन घरी जातात. तुम्ही सहाजण आहात ना, तर एक करा, महिन्यातून एका रविवारी इंग्लिश मिस्सेला जाऊन कम्युनियनच्या (पवित्र भाकर देतात त्या) वेळी एकच मराठी गाणं म्हणा, फादरना विचारून, आणि त्याआधी शब्द स्क्रीनवर टाका, हवं तर रोमन अक्षरात. मला माहीतेय रोमन अक्षरात मराठी बघून जीव तुटतो. टाका तरीसुद्धा. आधी तोंडात येऊ दे, डोळ्यात नंतर येईल. आणि मंगळूरच्या मुलांना कॉयरमध्ये बोलवा, त्यांची कोकणी आपल्या मराठीला दूरची नाही, उच्चार दोन आठवड्यात बसतात.

प्रश्न: कॉलनीला पॅरिशचं नाव कसं पडलं? बोरिवलीच्या आयसी कॉलनीबद्दल विचारतेय. (दहिसर)

आयसी म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन, तिथल्या चर्चचं नाव. जवळच मंडपेश्वरची लेणी आहेत, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी त्या हिंदू लेण्यांचं चर्च करून टाकलं आणि वर बांधलेल्या वास्तूचे अवशेष आजही दिसतात. ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, पण झालं ते असं. लेणी आता पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि पॅरिशचं चर्च वेगळं आहे. त्याच्याभोवती कॉलनी वसली. याआधीचं उदाहरण हवं तर वांद्र्याला बघा, १८९६ च्या प्लेगनंतर लोक शहराबाहेर हवा शोधत आले, आणि १९१८ मध्ये तिथे साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिथल्या गल्ल्यांमधले क्रूस पाहिलेत ना, त्यातले बरेच प्लेगच्या वेळचे.

प्रश्न: आम्ही मंगळूरचे, भाईंदरहून चार वर्षांपूर्वी इथे आलो, सातव्या मजल्यावर राहतो. दर रविवारी मिस्सेला जातो. चार वर्षांत एका माणसाने नाव विचारलेलं नाही. गावचे लोक आपापसात बोलतात, आम्ही घरी येतो. मिस्टर म्हणतात भाईंदरलाच जाऊया. मराठी समजते, मुलीने हे लिहून दिलंय. (वसई रोड)

ताई, हे वाचून मला वाईट वाटलं आणि लाजही वाटली, कारण त्या आपापसात बोलणाऱ्यांमध्ये मीही असते. आमचं असं होतं की मिस्सा संपली की आठवड्याभराने भावकी भेटते, आतेबहीण भेटते, आणि कोपऱ्यात कोण उभं आहे हे दिसतच नाही. मुद्दाम नसतं. पण उभं राहिलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो.

आता उपाय. मुंबई आणि वसईच्या पॅरिश फार मोठ्या झाल्या तेव्हा ऐंशीच्या दशकापासून हीच अडचण ओळखून लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. वीस, तीस, चाळीस घरांचा एक गट, आळीचा नाहीतर बिल्डिंगचा, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबल वाचायचं, कोण आजारी, कुणाची नोकरी गेली ते बोलायचं. तुमच्या बिल्डिंगला असा समूह असणार, आणि त्याचा एक अ‍ॅनिमेटर, म्हणजे समूह चालवणारा, असणार. पॅरिश ऑफिसमध्ये जाऊन एवढंच विचारा, आमची बिल्डिंग कुठल्या समूहात आहे आणि फॅमिली कार्डवर आमचं नाव आहे का. चार वर्षांत कुणी आलं नाही याचा अर्थ बहुतेक असा की तुमचं कार्डच भरलेलं नाही, आधीच्या फ्लॅटवाल्यांचंच नाव चालू असेल. धर्मगुरूंनी घरोघर जाऊन कुटुंबांना भेटावं असं कलम ५२९ मध्ये लिहिलंय, पण कार्डावर नाव नसेल तर ते कुठल्या दाराची बेल मारणार?

आणि तुम्हाला बहुतेक माहीत नसेल म्हणून सांगते. कलम ५३४ प्रमाणे प्रमुख धर्मगुरूला दर रविवारी एक मिस्सा आपल्या पॅरिशच्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करावी लागते, त्यासाठी कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, कुणाचं नाव वाचायचं नाही, सगळ्यांसाठी. चार वर्षांतल्या प्रत्येक रविवारी त्यात तुमचं घर होतं, कुणाला तुमचं नाव माहीत नसतानाही.

भाईंदरला जाऊ नका. मे महिन्यात आमच्या भागात संध्याकाळी क्रुसापाशी जपमाळ म्हणतात, रोज एक घर खाऊ देतं, कधी चणे, कधी केक, कधी नुसतं सरबत. पाळी लावायची वही असते. बहुतेक वेळा तीस तारीख रिकामी राहते कारण लोक सुट्टीला गावी गेलेले असतात. पॅरिश ऑफिसला या महिन्यातच जा, समूहाच्या अ‍ॅनिमेटरचा नंबर घ्या आणि त्यांना सांगा की तीस तारीख आमची. नीर डोसा केलात तर जास्तच करा, माझी आतेबहीण एकटीच सहा खाते. मी त्या दिवशी येते, क्रुसाच्या डाव्या बाजूला उभी असेन, येऊन हाक मारा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा. जुने फोटो पाठवत असाल तर मागे वर्ष आणि गाव लिहा, गेल्या वेळी दोन सुंदर फोटो आले आणि कुठले ते कळलंच नाही.